घोरणारा गाढ झोपतो म्हणे!

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घोरणं म्हणजे गाढ झोप. श्वास अडकतो तो फुफ्फुसं अशक्त म्हणून. हृदयाचा त्याच्याशी संबंध नाही. मशीन लावलं की फुफ्फुसं आळशी होतात.’ चारही वाक्यं चूक.

गाढ झोपेचं आधी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला जाणाऱ्यांनी हे ऐकलेलं असतं: वरच्या बर्थवरचं घोरणं चढत जातं, एकदम थांबतं आणि जरा वेळाने माणूस गुदमरल्यासारखा दचकून श्वास ओढतो. मधल्या शांततेत हवा आत जातच नसते. सगळ्याच घोरणाऱ्यांचं असं नसतं. पण तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास थांबत किंवा मंदावत असेल (दर खेपेला किमान 10 सेकंद), तर तो तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. दर खेपेला झोप चाळवते, सकाळी आठवत काहीच नाही. मग पुणे रस्त्यावर ट्रकच्या स्टेअरिंगवर डुलक्या. ही म्हणे गाढ झोप!

फुफ्फुसं बहुतेकदा धडधाकट असतात. अडतं घशात. झोपेत तिथले स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट मिटते. छाती जोर लावतच राहते, हवा येत नाही.

आणि हृदय? रक्तातला ऑक्सिजन उतरला की फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला दाब चढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. डावीही सुटत नाही: बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जी ओढ तयार होते, तिच्याविरुद्ध डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलावं लागतं. वर ॲड्रेनॅलिन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उसळतं. रात्री उतरायला हवं ते बीपी उतरत नाही. तीन-तीन गोळ्यांनीही बीपी हटत नसेल, तर घोरण्याची चौकशी व्हायलाच हवी. ठोक्यांची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोकाही स्लीप ॲप्निया असलेल्यांत जास्त असतो.

राहिलं मशीन. डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनीत मांडलेलं सीपॅप हे मशीन मास्कमधून येणाऱ्या साध्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. श्वास तुमचा तुम्हीच घेता. फुफ्फुसं आळशी होतील कशी? मात्र ते रामबाण नाही. 2016 च्या ‘सेव्ह’ चाचणीत, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत त्याने पुढचे हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार मात्र कमी झाली. ती मंडळी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हती, हेही लक्षात घ्यावं.

घोरणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो. शेजारी झोपणाऱ्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवावा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारावं.