श्रमपरिहार: व्यवस्थापकांसाठी काही सूचना

कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची काळजी वाहण्याचा निर्णय आपल्या कंपनीने घेतला, हे उत्तमच झाले. 10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की हिंजवडीपासून खराडीपर्यंत कंपन्यांच्या लिफ्टमध्ये फिकट हिरव्या रंगाची पोस्टरे लागू लागतात, आणि अशा वेळी आपलीच लिफ्ट उघडी-बोडकी दिसणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता यांपायी जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे 12 अब्ज दिवस बुडतात आणि त्यातून उत्पादकतेचे सुमारे एक लाख कोटी डॉलरचे नुकसान होते. संचालक मंडळापुढे सादरीकरण करताना यांतला डॉलरचा आकडा पहिल्या स्लाइडवर घ्यावा. माणसांचे काय होते हे शेवटच्या स्लाइडवर, वेळ उरल्यास सांगावे.

या कामातले मूळ तत्त्व एकदा नीट समजून घेतले की पुढचे सगळे सोपे आहे. कर्मचाऱ्याला विश्रांती द्यायची असते, वेळ द्यायचा नसतो. ही दोन टोके जुळत नाहीत असे वाटत असेल, तर आपण अद्याप व्यवस्थापनात पुरते मुरलेले नाही. दोघांचे काम एकाकडे सोपवावे आणि श्वास कसा घ्यावा हे त्या एकाला शिकवण्यासाठी बाहेरून तिसरा माणूस बोलवावा. या तिसऱ्याचे तासाभराचे मानधन न भरलेल्या दुसऱ्या जागेच्या वर्षभराच्या पगारापुढे नगण्य असते, आणि शिवाय ते कर्मचारी कल्याणाच्या खात्यात दाखवता येते.

ध्यानाचे सत्र ठेवायचे ते दुपारी 1 ते 2 या वेळेतच. सकाळी स्टँड-अप, म्हणजे कामाच्या आढाव्याची रोजची छोटी बैठक, असते, दुपारनंतर युरोप जागा झालेला असतो आणि संध्याकाळी अमेरिका उठते. त्यामुळे कंपनीच्या मालकीचा नसलेला असा जेवणाचा एक तासच काय तो शिल्लक राहतो. उपस्थिती ऐच्छिक आहे असे ई-मेलमध्ये लिहावे आणि त्याच ई-मेलच्या शेवटी हजेरीची यादी विभागप्रमुखांकडे जाईल, असेही लिहावे. कॅमेरा चालू ठेवणे मात्र सक्तीचे करावे, कारण मिटलेले डोळे प्रत्यक्ष दिसल्याखेरीज शांतता लाभली की नाही याची खात्री कशी पटणार? प्रशिक्षिका मंद आवाजात ‘खांदे सैल सोडा’ म्हणत असताना चाळीस चौकोनांतून चाळीस माणसे डोळे मिटून बसलेली दिसतील. त्यांतल्या निम्म्यांच्या मांडीवर मोबाईल थरथरत असेल, कोणाच्या तरी उघड्या राहिलेल्या माइकमधून कुकरची शिट्टी ऐकू येईल, आणि एखादा डोळे न उघडता, अंदाजानेच, डब्यातली पोळी-भाजी तोंडात सारत असेल. याच क्षणी पडद्याचे छायाचित्र घेऊन ते कंपनीच्या लिंक्डइन पानावर टाकावे. (पोळी खाणाऱ्याचा चौकोन कापून टाकण्यास विसरू नये.)

विश्रांती कक्षाचाही प्रश्न येईल. बेंगळूरूच्या एका गाद्या बनवणाऱ्या कंपनीने मे 2022 मध्ये दुपारी 2 ते 2.30 ही वेळ कर्मचाऱ्यांच्या झोपेसाठी राखून ठेवल्याचे जाहीर केले होते आणि त्यासाठी नासाच्या 26 मिनिटांच्या डुलकीचा दाखला दिला होता. गाद्या विकणाऱ्याने झोपेचा पुरस्कार करावा हे समजण्यासारखे आहे. आपण सॉफ्टवेअर विकतो, त्यामुळे आपल्याला इतके पुढे जाण्याचे कारण नाही. दोन बीन बॅग, एक कृत्रिम बांबू आणि भिंतीवर तळ्यातल्या दगडांचे चित्र एवढ्यावर भागते. कक्षाला काचेच्या भिंती असाव्यात आणि तो विभागप्रमुखांच्या केबिनसमोर असावा. आत जाण्यासाठी प्रणालीवर आगाऊ नोंदणी करावी लागेल आणि नोंदणीत ‘विश्रांतीचे कारण’ हा रकाना भरणे अनिवार्य असेल, अशी व्यवस्था केली की कक्ष कायम स्वच्छ राहतो. अप्रेझलच्या महिन्यात जुने मॉनिटर ठेवायला जागा लागतेच, तेव्हा तो उपयोगी पडतो.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. आपण इतके सगळे करूनही काही कर्मचारी आपल्या परवानगीवाचून, आपल्या खर्चावाचून आणि मुख्य म्हणजे आपल्या प्रशिक्षिकेवाचून विश्रांती घेत असतात. दुपारी चारच्या सुमारास मागच्या गेटबाहेरच्या टपरीकडे एकदा पाहून यावे. गळ्यातले ओळखपत्र शर्टाच्या खिशात खोचलेली चार-पाच माणसे हातात कटिंग घेऊन उभी असतात. कोणी क्रीम रोल मोडून अर्धा दुसऱ्याला देतो, कोणी वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सांगतो, कोणी फ्लॅटच्या ताब्याची तारीख पुन्हा पुढे गेल्याबद्दल बिल्डरचा उद्धार करतो, आणि आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत कॉलवर अडकलेली मुलगी काहीही न बोलता नुसती ऐकत उभी असते. तिला कोणी ‘कसं वाटतंय’ असे एक ते पाचच्या मोजपट्टीवर विचारत नाही. पंधरा मिनिटांनी सगळे परत येतात आणि बऱ्या चेहऱ्याने कामाला लागतात. या पंधरा मिनिटांचा कोठेही अहवाल नाही, त्यांना नाव नाही, त्यांचा प्रायोजक नाही. टपरीवाल्याला मनःस्वास्थ्याचे श्रेय जाऊ लागले, तर आपल्या विभागाचे पुढच्या वर्षीचे बजेट कोणत्या तोंडाने मागणार?

तेव्हा गेटवरच्या कार्डाच्या नोंदी काढाव्यात. बाहेर गेल्याची आणि आत आल्याची वेळ वजा केली की प्रत्येकाच्या चहाचा महिन्याचा हिशेब मिनिटांत मिळतो. घरून काम करणाऱ्यांसाठी टीम्स या कार्यालयीन संदेशांच्या ॲपवरचा हिरवा ठिपका आहेच. पाच मिनिटे काही हालचाल झाली नाही की तो पिवळा होतो, आणि पिवळा ठिपका दिसताच ‘सगळं ठीक आहे ना?’ असा आपुलकीचा निरोप पाठवावा. काही चतुर मंडळी माऊस सेकंदकाटा फिरणाऱ्या मनगटी घड्याळावर ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहतात. अशांना पकडू नये. इतकी कल्पकता अंगी असलेल्या माणसाला आणखी एक प्रकल्प सहज झेपतो.

कायद्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण एखादा कर्मचारी कोठून तरी वाचून येतो आणि पेच निर्माण करतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याखेरीज कोणाकडूनही ठरावीक तासांहून (मूळ कायद्यात पाच) अधिक सलग काम करून घेता येत नाही. या तरतुदीत बीन बॅग नाही, प्रशिक्षिका नाही, श्वास नाही. नुसता अर्धा तास आहे, तोही हक्काचा, त्यामुळे तो उपकार म्हणून जाहीर करण्याची सोय राहत नाही. सुदैवाने याच कायद्यात गोपनीय, व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना सूट आहे. येथे पदनामांचे महत्त्व लक्षात यावे. ज्याच्या हाताखाली स्वतःच्या लॅपटॉपखेरीज कोणीही नाही अशा मुलाला ‘असोसिएट मॅनेजर’ करावे, त्याच्या आई-वडिलांना पेढे वाटू द्यावेत, आणि मग रात्री अकराच्या कॉलविषयी त्याने तक्रार केल्यास नेतृत्वाची जबाबदारी म्हणजे काय ते समजावून सांगावे. पगारवाढीपेक्षा पदवाढ नेहमीच स्वस्त पडते, आणि येथे तर तीत अर्धा तासही वाचतो.

एखादा फारच वाचणारा निघाला, तर तो नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव काढील. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने लोखंड्यांनी 1884 मध्ये मागण्यांचा जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या त्यातल्या ठळक मागण्या. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. त्याआधी त्याच वर्षी महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. आजच्या दृष्टीने पाहता या अर्जात गंभीर उणिवा आहेत. लवचिकता, सकारात्मकता, आतली शांती यांचा त्यात उल्लेखदेखील नाही. यंत्र थांबवा आणि आम्हाला बसू द्या, एवढेच त्या बापड्यांना सुचले. थकवा यंत्रामुळे येतो अशी त्यांची भाबडी समजूत होती. तो आपल्या दृष्टिकोनामुळे येतो, हे सांगायला तेव्हा कोणी नव्हते, आणि गिरणीमालकांनाही इतकी साधी गोष्ट सुचली नाही. तसे झाले असते तर रविवार वाचला असता.

अर्थात काळाचे चक्र आपल्याच बाजूने फिरते आहे, तेव्हा फार चिंता करू नये. तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे 2023 मध्ये एका ज्येष्ठ उद्योजकांनी सांगितले. 2025 च्या आरंभी दुसऱ्या एका कंपनीप्रमुखांनी तो आकडा 90 वर नेला आणि घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहणार, असाही प्रश्न केला. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतील रोजची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर आणि कारखान्यांतील 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये म्हटले होते. पण पक्षाघात हा शारीरिक विकार आहे आणि आपला कार्यक्रम मानसिक स्वास्थ्याचा आहे. आरोग्य विम्याचे काम पाहणारा विभाग वेगळ्या मजल्यावर बसतो.

याच आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत कामाच्या अवाजवी बोज्यावरच उपाय करावेत व व्यवस्थापकांनाही प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले. या सूचनांचा दुवा कर्मचाऱ्यांना पाठवायचाच असल्यास मुखपृष्ठाचा पाठवावा.

उरला अभिप्रायाचा अर्ज. सत्र संपताच तो भरून घ्यावा आणि भरेपर्यंत टाइमशीट उघडणार नाही अशी तजवीज करावी. ‘सत्रानंतर मला हलके वाटले’, ‘खूप हलके वाटले’ आणि ‘शब्दांत सांगता येणार नाही’ हे तीन पर्याय पुरेसे आहेत. चौथा ठेवल्यास सरासरी बिघडते. अर्ज निनावी असल्याचे ठळक अक्षरांत लिहावे आणि त्याखाली कर्मचारी क्रमांकाचा रकाना द्यावा. तरीही कोणीतरी ‘इतर सूचना’ या जागेत काम फार आहे, दोन माणसे द्या, असे लिहीलच. त्याच्यावर रागावू नये. पहिल्या सत्राचा त्याच्यावर पुरेसा परिणाम झालेला नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा, आणि त्याचे नाव प्रगत ध्यानवर्गासाठी नोंदवावे. हा वर्ग शनिवारी सकाळी नऊला ठेवावा, म्हणजे कामाच्या वेळेवर त्याचा ताण येत नाही.