बाळंतपणं किती झाली, हे कुणी विचारतं का?

गेल्या महिन्यात आईला गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीला नेलं. वय ७१. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितलं, तर तिसऱ्याच वेळी हात मांडीवर गेला. मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. दातओठ खाऊन दाबलं तिनं, काटा १३ किलोवर थांबला. आपल्याकडच्या बायकांची ताकद १८ किलोच्या खाली आली की कमी धरतात.

शुगर विचारली, बीपी विचारलं, कधी पडलात का तेही विचारलं. बाळंतपणं किती, हे काही विचारलं नाही. सात वर्षांत चार! पहिल्या वेळी माहेरी सव्वा महिना शेकशेगडी, अळीव, डिंकाचे लाडू. चौथ्या वेळी बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा.

"जुन्या बायका बघा, आठ-आठ बाळंतपणं काढून नव्वदीत ठणठणीत" हे आता मला ऐकवत नाही. ठणठणीत राहिल्या त्या दिसतात. पाचव्या खेपेला गेल्या त्यांचा भिंतीवर फोटोसुद्धा नाही.

मूल झालं म्हणून बाई खचते असं नाही. अंगावर पाजताना हाडांतलं कॅल्शियम घटतं, पण पाजणं थांबल्यावर बहुतेकींचं भरून येतं. मात्र त्याला वेळ हवा, पोटात अन्न हवं. मूल वर्षाचं व्हायच्या आत पुन्हा दिवस गेले, वर अंगात रक्त नाही, तर भरून यायचं कधी?

आणि बायका बोलत नाहीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली ते प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, पण त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. माझी आईही परतताना रिक्षात पहिल्यांदा बोलली. चौथ्यापासून खोकलं, शिंकलं की लघवी होते. म्हणून तिनं सकाळचं फिरणं सोडलं होतं. आम्ही समजत होतो, गुडघे दुखतात. चालणं सुटलं, मग मांड्यांतली ताकद गेली, आणि आता गुडघे.

पुढच्या वेळी मीच हे सगळं सांगितलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम आधी सुरू केले, आणि फाइलमध्ये लिहिलं, बाळंतपणं चार.

आई म्हणाली, "पाच लिहा. एक सातव्या महिन्यात गेलं होतं."