व्यंगचित्रकार नेमका कुणाच्या बाजूचा?

परवा आमच्या ग्रुपवर व्यंगचित्रांवरून जुंपली, एक जण छातीठोक म्हणे की खरा व्यंगचित्रकार कायम सत्तेच्या विरोधातच असतो. मी काही बोललो नाही पण डोक्यात जेम्स गिलरे घोळत राहिला.

अठराव्या शतकातल्या लंडनचा हा बाप व्यंगचित्रकार. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र कोरायचं, छापायचं, वरून हाताने रंग भरायचे आणि दुकानाच्या काचेत लावायचं, म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही तोही रस्त्यात उभा राहून मंत्र्यांवर फुकटात हसणार. आता याची दोन चित्रं बघा. १७८६ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज (हो, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातला आपला तोच गव्हर्नर जनरल) उंटावर बसलाय, हातात ढाल, त्याच्यामागे हात धुऊन लागलेल्या विरोधी पुढाऱ्यांपैकी बर्क त्याच्यावर बंदूक झाडतोय, फॉक्स खंजीर घेऊन आलाय, आणि शीर्षकात हेस्टिंग्ज चक्क 'भारताचा तारणहार'! दोनच वर्षांनी पार्लमेंटमध्ये हेस्टिंग्जवर खटला उभा राहिला आणि गिलरेने त्याला लॉर्ड चॅन्सलर (म्हणजे देशाचा सर्वोच्च न्यायाधिकारी) थर्लोच्या खांद्यावर बसवला. हातात पैशांच्या थैल्या, खाली रक्ताचा समुद्र आणि त्यात तरंगणारी भारतीयांची प्रेतं. पहिल्यांदा झूम करून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला राव.

माणूस तोच, हात तोच, मग खरा गिलरे कुठला? मला विचाराल तर दोन्ही. बाजू बदलली की रेघ खोटी पडते असं मला तरी वाटत नाही.

त्याच काळातला दुसरा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्स, त्याचं तर आणखी भारी. १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराला लगाम घालणारं फॉक्सचं इंडिया बिल आलं तर याने फॉक्सला पगडी घालून हत्तीवर बसवला, हत्तीला तोंड सरकारातला जोडीदार लॉर्ड नॉर्थचं, आणि वरात निघाली कंपनीच्या ऑफिसकडे. बिल लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात आपटलं, आणि पुढे सेयर्सला फॉक्सचा विरोधक आणि नवा पंतप्रधान पिट याच्याकडून सरकारी पद मिळालं. त्या चित्रात इथल्या रयतेचं दुःख शोधू नका, आपल्या वाट्याला फक्त हत्ती आणि पगडी आलीय.

गिलरेलाही १७९७ पासून सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड सुरू झाले, कॅनिंग नावाच्या तरुण पुढाऱ्याच्या खटपटीने. हा कॅनिंग त्याआधी ओळखीच्या पाद्र्यामार्फत गिलरेकडे वशिला लावत होता की बाबा मला एकदा तुझ्या चित्रात घे. १७९६ मध्ये गिलरेने घेतला एकदाचा, दिव्याच्या खांबाला फासावर लटकवून!