संवादकुशल व्हायचंय? मग हे करा

ऐकण्याच्या भानगडीत पडू नका. समोरचा श्वास घ्यायला थांबला की आपलं सुरू करा.

अंगाला अंग लावून बोला. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दोन मित्रांमध्ये दीड ते चार फुटांचं अंतर सांगितलं होतं. तो आमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या गर्दीत रात्री गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, प्लेटसाठी उभा राहिला नसावा.

कुणी रुसलं तर विचारू नका. स्टेटस ठेवा.

आणि मुख्य म्हणजे, प्रश्नाला अंगठा दाखवा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं १९४८ मध्ये टेलिफोनच्या तारांचा विचार करताना पाठवणारा, संदेश, वाट, गोंगाट, घेणारा अशी मांडणी केली. उलट येणारा प्रतिसाद त्यात नंतरच्यांनी जोडला. उगाच जोडला. परवा आम्हाला ओंकारेश्वरला जायचं होतं, गाडी मामेभावाची. मी रात्रीच त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं, "सकाळी सहाला राजवाड्यासमोर यायचं की गांधी हॉलच्या फाटकाशी?" उत्तर : अंगठा. कुणाला अंगठा, राजवाड्याला की गांधी हॉलला? पुन्हा विचारलं. जोडलेले हात आले. आता नमस्कारावरून गाडी कुठे लागणार ते काढा! डिसेंबरची थंडी, आई शाल गुंडाळून राजवाड्यासमोर, पिशवीतली थालीपीठं गार. हे साहेब गांधी हॉलपाशी हीटर लावून बसलेले, फोन सायलेंटवर. भेटल्यावर मलाच म्हणतात, "अगं ताई, एकदा कन्फर्म तर करून घ्यायचं ना!"

हाच माणूस कंपन्यांमध्ये संवादकौशल्याची शिबिरं घेतो. "शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, ३८ आवाजाला, ५५ चेहऱ्याला," अशी त्याची लाडकी स्लाइड आहे. अरे, अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे ते प्रयोग होते समोरच्याला आपण आवडतो की नाही हे ओळखण्याबद्दल. सुटे शब्द, टेपवरचा आवाज, चेहऱ्याचे फोटो, एवढाच त्यांचा पसारा. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, तेवढ्यापुरते हे आकडे. गाडी कुठे उभी राहणार हे मी चेहऱ्यावरून ओळखायचं होतं का? तेही व्हॉट्सॲपवर?

जाऊ दे, मला नाही जमत हे गोडगोड टोमणे मारणं. सरळच सांगते. कुणी 'हे की ते' विचारलं तर दोन्हींपैकी एक लिहा. एक शब्द लागतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोन करा. ठरलं नसेल तर 'ठरलं नाही, सांगतो' म्हणा, आणि मग खरंच सांगा. फोन सायलेंटवर ठेवून गाडीत बसू नका. आणि स्वतः घोळ घातल्यावर दुसऱ्याला शहाणपण शिकवू नका. म्हातारी बाई थंडीत रस्त्यावर उभी होती. लाज वाटायला हवी.