उजनीच्या उथळ पाण्यात खुणा हव्यात

कोथरूडच्या आमच्या शाळासोबत्यांच्या गटात सध्या एक वाद पेटला आहे. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेलेल्या एकाची होडी पाण्याखालच्या जुन्या भिंतीला घासली, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात होड्यांच्या वाटेवर निदान बांबू रोवावेत असे त्याने सुचवले. त्यावर आक्षेपांची रांग लागली: नावाड्याला सगळे पाठ असते, मोबाइलमध्ये नकाशा असतो, खांबांनी पाणथळीचे रूप बिघडते. मी त्याची बाजू घेतली तेव्हा, जर्मनीत बसून आम्हाला शिकवू नकोस, असेही ऐकावे लागले.

मी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्डडाइखला राहतो. इथल्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक सुमारे अडीच मीटरचा असतो आणि समोरच्या युइस्ट बेटाची फेरी आजही भरती पाहूनच सुटते. चिखलातल्या अरुंद वाटांच्या कडेने बर्चची कोवळी झाडे रोवलेली असतात. त्यांच्या फांद्या मोकळ्या आहेत की बांधलेल्या, यावरून वाटेची बाजू दुरूनच कळते. हिवाळ्यातले बर्फ आणि वादळे त्यांतली बरीच उखडून नेतात, म्हणून वसंतात ती पुन्हा रोवली जातात. रडार बाळगणारा देश हे कष्ट दरवर्षी घेतो, कारण वाळू सरकत राहते आणि नकाशातली खोली ही शेवटच्या मोजणीच्या दिवसाची असते. उपग्रह आपण कुठे आहोत ते सांगतो, होडीखाली किती पाणी उरले आहे ते सांगत नाही. उजनीत तर पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली पातळी यांत कित्येक मीटरचे अंतर पडते, त्यामुळे दिवाळीला जी भिंत सहज ओलांडली जाते तीच फेब्रुवारीत होडीचा तळ फाडू शकते. रूप बिघडण्याविषयी एवढेच सांगतो की, हा किनारा 2009 पासून जागतिक वारसा आहे आणि बर्चची ती रांग तिथे कुणाला खुपत नाही.

ही पद्धत परकी आहे, हेही मला मान्य नाही. बोयांच्या, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणांच्या, आंतरराष्ट्रीय रचनेत भारत आणि जर्मनी एकाच विभागात येतात: समुद्रातून आत शिरताना लाल खूण डावीकडे, हिरवी उजवीकडे, अमेरिकेत नेमके उलट. एकट्या धोक्याच्या जागी लाल पट्ट्यांची काळी खूण आणि तिच्या माथ्यावर दोन काळे गोळे, हे दोन्हीकडे सारखेच असते. बंदरांच्या पाण्याचा अभ्यास करणारी, 1916 साली सुरू झालेली केंद्रीय संशोधन संस्था पुण्याजवळ, खडकवासल्यात आहे; 2021 साली सागरी दिशादर्शक साधनांसाठी आणि अंतर्देशीय जहाजांसाठी नवे कायदेही झाले. असे असताना बांबूची चर्चा वेडगळ का ठरावी?

मे 2024 मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. खुणा असत्या तर ते वाचले असते, असे मी मुळीच म्हणणार नाही; वाऱ्याचा बंदोबस्त निराळा. नावाड्याच्या जाणकारीविषयीही मला शंका नाही. पण ती त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहते, आणि तो आजारी पडला की सुकाणू पुतण्याच्या हाती जाते. खूण रोवली की त्याचे जाणतेपण त्या पुतण्याच्याही कामी येते, म्हणून जागा नावाड्यांनीच ठरवाव्यात.

मला हे इतके का लागते, तेही सांगतो. माझे आजोळ पळसदेवच्या बाजूचे. 1980 साली धरण पुरे झाले आणि घर पाण्याखाली गेले. ज्यांना आपण अडथळे म्हणतो त्यांत आमची ओसरीही आहे. नॉर्डडाइखच्या खाचखळग्यांची नावे मला येतात, आजोळच्या पाण्यात मात्र मी तिकीट काढून बसलेला पाहुणा असतो, आणि मित्रांचे ते बोलणे म्हणूनच जिव्हारी लागले.

तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरून देवळाचे शिखर आणि घरांची जोती उघडी पडतात, तेव्हाच नावाडी आणि गावातली म्हातारी माणसे यांना घेऊन जागा मुक्रर कराव्यात. पाणी चढल्यावरही दिसतील असे उंच बांबू धोक्याच्या जागी रोवावेत, ते बुडण्याइतकी खोली असेल तिथे दोरीला तरंगते पिंप बांधावे आणि धक्क्यावर पातळीची मोजपट्टी रंगवावी. आमच्या मामांना कोणती भिंत कुणाची हे अजून सांगता येते. येत्या मेमध्ये मी रजा काढून त्यांना घेऊन येतो. गटातल्या ज्यांना जमेल त्यांनी भिगवणला भेटावे.