‘नसतं ते डोक्यात भरवलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण ती काढणार नाही. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सदाशिव पेठेत आमच्याकडे कॉट बेसिसवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाला वायडी लागली, म्हणजे ‘इयर डाऊन’, विषय राहिल्याने वर्ष वाया गेलं. त्याने मेस सोडली, खोलीबाहेर येईना, आणि एका रात्री आपला लॅपटॉप रूममेटला देऊन टाकला. मी सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतोय का?” तो हो म्हणाला. त्याच्या वडिलांना फोन केला, रात्रभर त्याला एकटं सोडलं नाही आणि सकाळी ससूनला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं.

तुम्ही म्हणता, विचारून मी नसतं ते त्याच्या डोक्यात भरवलं. लॅपटॉप देऊन टाकून निरवानिरव करणाऱ्याच्या डोक्यात मी काय भरवणार? थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार वाढत नाही, हे संशोधनातून पुन्हापुन्हा दिसलंय. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं. “सगळं बरं आहे ना रे?” म्हटलं की बाहेरगावचं पोर “हो काकू” म्हणतं आणि जिना चढून जातं. आणि “हो” आल्यावर थांबून चालत नाही. काही ठरवलंयस का, कधी, हेही विचारावं लागतं. उद्याची वेळ घेतली तर चालेल की आत्ताच निघायचं, ते त्यावर ठरतं.

आता तुमचा विश्वासघाताचा आरोप. “घरी सांगू नका” असं तो मुलगा म्हणाला, खरंय. पण मी तसं वचन दिलंच नव्हतं. मी म्हणाले, “वायडीचं तू सांग. जिवाचं मी सांगणार, तुझ्यासमोर.” कुणाला फोन करू, हेही त्यालाच विचारलं. आई घाबरेल म्हणून त्याने पप्पांचा नंबर दिला. वडील चिडले तर, ही तुमची शंका मात्र रास्त आहे. काही घरांत आधी मामाला किंवा मोठ्या बहिणीलाच गाठावं लागतं. गोपनीयतेचं म्हणाल, तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ती डॉक्टरांवर बंधनकारक करतो, आणि जिवाला धोका असेल तर त्यातून सूटही देतो.

त्याच कायद्यामुळे त्याची फाइल उद्या कुठल्या कंपनीच्या एचआरला मागून मिळणार नाही. आणि पोलीस केसची भीती घालू नका. प्रत्यक्ष प्रयत्न केलेला माणूससुद्धा तीव्र तणावाखाली होता असंच या कायद्याचं कलम 115 धरून चालतं.

हे कॉलेजचं काम, असं तुम्ही म्हणता, ते मान्य. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. पण रात्री अकराला त्यांच्या केबिनला कुलूप असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास लागतो, फुकट, मराठीतही बोलतात.

राहिला तुमचा सल्ला: “गोळ्या सुरू झाल्या ना, आता त्याला मोकळं सोडा.” नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीला जास्तच लक्ष ठेवावं लागतं. सध्या त्याचे वडील इथेच, त्याच्या खोलीत राहताहेत. पुढच्या तपासणीत डॉक्टर काय म्हणतात ते पाहू, तोवर सोडणार नाही.