दिला किती, मिळाला किती

दर बजेटनंतर तोच तक्ता फिरतो: महाराष्ट्राने केंद्राला कराचा रुपया दिला, परत आले जेमतेम काही पैसे, उत्तर प्रदेश मात्र मालामाल! अहो, कंपन्यांचा आयकर भरला जातो तो मुख्यालयाच्या पत्त्यावर. कंपनीची खाण झारखंडात, ऑफिस मुंबईत, की आकडा मुंबईचा. मग ‘आम्ही दिला’ म्हणजे नक्की कोणी?

आणि वाटपाचं सूत्र काही गुपित नाही. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 41 टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात उत्पन्नातल्या अंतराला (म्हणजे राज्याचं दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यांहून किती कमी, त्याला) 45 टक्के वजन, लोकसंख्या नि क्षेत्रफळाला 15-15, लोकसंख्या आवरण्याला 12.5, जंगलाला 10, करवसुलीच्या प्रयत्नांना जेमतेम 2.5. त्या अंतराला पुन्हा 2011 च्या लोकसंख्येने गुणलं. गरीब आणि मोठं राज्य, म्हणून त्या काळासाठी उत्तर प्रदेशाला 17.939 टक्के, महाराष्ट्राला 6.317 ठरले. भांडायचं तर अशा वजनांवर भांडा ना!

खरी मेख वेगळीच आहे. ते 41 टक्के सगळ्या करांचे नाहीतच. उपकर आणि अधिभार (सेस आणि सरचार्ज) केंद्र आधीच बाजूला काढतं, राज्यांना त्यात वाटा नाही. पेट्रोलवरच्या शुल्कातला मोठा हिस्सा त्यातच जातो. तिथे बिहारही उपाशी, आपणही. त्यावर तक्ता कोणी फिरवत नाही.

बरं, दिल्लीकडे न्याय मागणाऱ्या याच मंडळींना विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या कामांचं, नाव काढलं की कंटाळा येतो. त्या अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हा किती जणांनी स्टेटस ठेवलं होतं?